चिक्कमगळूरच्या छोट्या इस्टेटची अरेबिका कॉफी : उदगीरच्या शेतकऱ्याचा रिव्ह्यू

सुरुवातीलाच सांगून टाकतो, घ्या. 250 ग्रॅमचं पाकीट 550 रुपयाला आहे, कुरिअर वेगळं, तरी सांगायलोय की घ्या, फक्त वॉश्डवालं (फळ सोलून, धुऊन वाळवलेल्या बियांचं) घ्या, दुसरं नॅचरल म्हणून मिळतं ते आधी कुणाकडं तरी चाखा आणि मगच पैसे घाला. सविस्तर लिहितो कारण एवढे पैसे कॉफीला म्हटलं की आपल्याकडं घरात पहिला प्रश्न हाच येतो की एवढ्यात तर महिन्याची चहापत्ती येते, आणि तो प्रश्न चुकीचा नाही, त्याचं उत्तर द्यायला पाहिजे.

इस्टेटचं नाव टाकत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. घरचं काम आहे, अण्णा, अक्का आणि त्यांची मुलगी, सतरा एकर बाग, त्यातला बराचसा माल दरवर्षी क्युरिंगवाल्याला (वाळलेली बी साफ करून, प्रतवारी करून पुढं पाठवणाऱ्या गिरणीला) जातो आणि निवडून ठेवलेला चांगला लॉट तेवढाच ते स्वतः भाजून ओळखीनं फोनवर विकतात. ऑर्डरी वाढल्या की बाहेरचा माल आणून आपल्या नावाच्या पिशवीत भरावा लागतो, ते त्यांना करायचं नाही. मला हे लई पटलं. त्यामुळं हा रिव्ह्यू त्या पाकिटाचा तर आहेच, पण कुठल्याही छोट्या इस्टेटची कॉफी घेताना काय विचारायचं, काय बघायचं ते पण यातून कळेल असं लिहायचा प्रयत्न करतो.

पाकिटावर लिहिलंय ते असं: सिलेक्शन 795, उंची 1200 मीटर, वॉश्ड, मीडियम रोस्ट (मध्यम भाजलेली), आणि भाजल्याची तारीख पेननं लिहिलेली. ही तारीख सगळ्यात महत्त्वाची, ज्या पाकिटावर ती नाही ते मी आता घेतच नाही. 795 ही जुनी भारतीय जात आहे, बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रानं 1940 च्या दशकात दिलेली, म्हणजे आपल्याकडं ज्वारीच्या मालदांडीला जसा मान आहे तसा तिकडं तिला आहे. चव चांगली, तांबेरा (पानावरचा बुरशीचा रोग) बऱ्यापैकी सहन करते, पण खोडकिडीपुढं नाजूक. नवीन चंद्रगिरी जात 2007 मध्ये आली, बुटकी आहे, उत्पन्न चांगलं देते, बऱ्याच जणांनी ती लावली. अण्णांनी पण थोडी लावलीय पण पाकिटात 795 च भरतात.

चव. आपण लहानपणापासून पीत आलो ती इन्स्टंट, उकळत्या दुधात चमचाभर टाकायची आणि वर साखर, तिच्यात कॉफीची चव शोधावी लागते. ही एकदा तरी बिनदुधाची, बिनसाखरेची प्या. कढत असताना फार काही कळत नाही, थोडी निवू द्या, मग मोसंबीची साल नखानं टोचल्यावर जो वास उडतो तो येतो, हलका आंबटपणा जिभेच्या कडेला लागतो, आणि गिळल्यावर मागं गुळाचा गोडवा राहतो. कडूपणा आहे पण करपट नाही. आईला दुधाचीच लागते म्हणून तिला स्टीलच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन (कडक अर्क) काढून दिली, रंग जरा फिकट वाटला कारण चिकोरी नाही (चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती एक भाजलेली मुळी, बाजारातल्या फिल्टर कॉफीच्या बऱ्याच पाकिटांत ती असते, पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, लिहिलेलं असतं), पण वास दुधात पण टिकला आणि आता ती सकाळी चहाच्या आधी हीच मागते. नॅचरल म्हणजे फळ न सोलता अख्खं वाळवलेली कॉफी. तिला पिकलेल्या फणसासारखा वास आहे, काही जणांना जाम आवडेल, मला पहिलं पाकीट आवडलं आणि दुसऱ्याला आंबल्याचा वास मारत होता. अक्काला फोन केला तर त्यांनी सरळ सांगितलं की त्या लॉटला वाळवताना ढगाळ हवा लागली होती, आणि बदली वॉश्ड पाठवून दिली. माणसं चांगली आहेत, पण नॅचरल अजून त्यांच्या हातात बसलेली नाही हे खरं.

पाण्याचं मात्र नीट वाचा, आपल्याकडं सगळं तिथंच बिघडतं. माझ्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षाराचं प्रमाण, 900 च्या पुढं येतो. असल्या जड पाण्यात ही कॉफी केली तर तो मोसंबीचा आंबटपणा मरून जातो, कारण पाण्यातला क्षार आम्लाला मारतो, आणि तोंडात खडू खाल्ल्यागत लागतं. मग लोक म्हणतात कॉफीच बेकार निघाली. नुसतं आरओचं घेतलं तर उलटं होतं, पाण्यात काहीच नसल्यामुळं चव पातळ आणि बोचरी येते. कॉफीवाले 150 च्या आसपास टीडीएस चांगला मानतात. मी सहा वाट्या आरओ आणि एक वाटी बोअर असं मिसळतो, ते 160 च्या जवळपास बसतं. तुमच्या बोअरचं पाणी वेगळं असेल, मीटर दीड-दोनशे रुपयाला मिळतो, मोजून घ्या. बाकी सोपं आहे, 15 ग्रॅम कॉफी जाडसर दळलेली, 225 मिली पाणी, उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, ओतायचं, चार मिनिटं झाकून ठेवायचं आणि फ्रेंच प्रेस (वरून दाबायच्या गाळणीचं भांडं) दाबायचा. प्रेस नसेल तर भांड्यात करून सुती फडक्यानं गाळा, चालतं.

आता बागेचं. मी केसर आंबा आणि सोयाबीनवाला माणूस, त्यामुळं पाकीट बघून समाधान झालं नाही, तोडणीच्या हंगामात घरच्यांना घेऊन तिकडं जाऊन आलो. उदगीरकडं कानडी येतंच त्यामुळं बोलायला अडचण नाही. बागेत शिरलं तर बाग आहे असं वाटतच नाही, जंगल वाटतं. वर फणस, उंबर, जांभूळ, मधे पांगारा, कडेनं सिल्वर ओक, त्याच्यावर मिरीचे वेल चढवलेले, आणि या सगळ्याच्या खाली छातीइतकी कॉफीची झाडं. अरेबिका (कॉफीचा हा प्रकार) मुळात इथिओपियाच्या डोंगरातल्या जंगलात मोठ्या झाडांच्या खाली वाढणारं झाड आहे, त्याला कवडसा पाहिजे, टळटळीत ऊन नको. सावली काढली तर काही वर्षं झाड भरमसाठ फळतं पण मग फांद्या वाळायला लागतात, खत जास्त लागतं, पाणी जास्त लागतं, आणि खोडावर ऊन पडलं की पांढरी खोडकिडी येते.

या किडीबद्दल आंबेवाल्यांना सांगायला पाहिजे. आपल्या आंब्याला भिरूड लागतो ना, हा त्याचाच भाऊबंद, लांब मिशांचा भुंगा. सालीच्या फटीत अंडी घालतो, अळी खोड पोखरत आत जाते, वरून पानं पिवळी दिसेपर्यंत आतून झाड संपलेलं असतं. आंब्याच्या खोडातल्या अळीला आपण तार घालून, औषध सोडून गाठू शकतो, कॉफीचं खोड मनगटाएवढं, तिथं तसलं काही चालत नाही. पोखरलेलं झाड मुळासकट उपटून जाळायचं, दुसरा इलाज नाही. अण्णांकडं म्हणून भुंगे उडायच्या दिवसाआधी प्रत्येक खोड पोत्यानं घासून सैल साल काढतात, म्हणजे अंडी घालायला फट राहत नाही, आणि वरून 10 टक्के चुन्याचं पाणी मारतात. सतरा एकरातलं एकेक खोड हातानं घासायचं. मी विचारलं औषध मारून का मोकळे होत नाही, तर अण्णा म्हणाले, "पूर्वी मारायचो. खालच्या ओढ्याचं पाणी आमचंच गाव पितं." एवढंच बोलले आणि पुढं चालायला लागले.

तांबेरा पण आहे, आपल्या सोयाबीनवर येतो तसाच पानाच्या खाली नारिंगी भुकटी, बुरशी मात्र वेगळी. हाच रोग 1869 मध्ये श्रीलंकेत दिसला आणि पुढच्या काही वर्षांत तिथली कॉफी बसली, मग तिथं चहा आला. अण्णा पावसाच्या आधी आणि नंतर अर्धा टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारतात. म्हणजे हे शंभर टक्के सेंद्रिय नाही, पाकिटावर पण त्यांनी तसं लिहिलेलं नाही, आणि हा प्रामाणिकपणा मला सर्टिफिकेटपेक्षा जास्त आवडला.

सिल्वर ओकचा विषय पण काढला. तो ऑस्ट्रेलियातून आलेला, सरळ वाढतो, लवकर वाढतो, तोडून विकायला सोपा. देशी झाड तोडायला परवानग्या लागतात, त्यामुळं बऱ्याच बागांमध्ये जुनं झाड गेलं की त्या जागी सिल्वर ओकच लावतात आणि हळूहळू सगळी सावली एकाच झाडाची होते. त्याच्यावर फळं नाहीत, पाखरं कमी, पालापाचोळा पण लवकर कुजत नाही. अक्कानं ठरवून वाळलेल्या झाडाच्या जागी उंबर आणि फणस लावलेत. त्यातून पैसा कमी मिळतो, खरंय, पण त्या बागेत कॉफीच्या बुंध्याशी हात घातला तर मनगटापर्यंत मऊ काळी माती लागते, नांगरट नाही, तणनाशक नाही, तण विळ्यानं कापून तिथंच टाकलेलं. त्यांची माती आम्लधर्मी म्हणून ते चुना टाकतात, आपल्याकडं सामू (पीएच) आठ-साडेआठ, आपण गंधक आणि जिप्सम शोधत फिरतो. माझं शेत तर उन्हाळ्यात भेगाळतं, तिथं ती माती बघून मला खरंच आत कुठंतरी लागलं.

तोडणीचं सगळ्यात महत्त्वाचं. एका फांदीवर लाल, पिवळी, हिरवी अशी सगळी फळं एकाच वेळी असतात. चांगल्या कॉफीसाठी फक्त लाल तोडायचं, म्हणजे त्याच झाडाकडं तीन-चारदा परत यायचं. किलोवर मजुरी दिली की माणूस हिरवं-लाल सगळंच ओरबाडतो, दोष त्याचा नाही, पोट किलोवर आहे. अण्णांकडं दिवसाची मजुरी ठरलेली आणि लाल फळाच्या चोख तोडणीला वर बोनस. उचल (आगाऊ रक्कम) किती देता असं मी मुद्दाम विचारलं, कारण आपल्या बीड-केज-धारूरकडची ऊसतोडीची माणसं उचलीत कशी अडकून पडतात ते आपण बघतोच. तर उचल नाही, आठवड्याला हिशोब, राहायला पक्क्या खोल्या, संडास, आणि लेकरांना दुपारी बघायला एक बाई. मी खोल्या बघून आलो. मजूर बाहेरच्या राज्यातून आलेले, भाषा कळत नव्हती पण पोरं हसतखेळत होती. बाकी सोडा, यासाठी पाकिटाला शंभर रुपये जास्त द्यायला मी तयार आहे.

आणि पाणी. वॉश्ड कॉफीत फळ त्याच दिवशी पल्परमध्ये (साल काढायच्या मशीनमध्ये) सोलतात, बिया टाकीत ठेवून वरचा चिकट गर आंबवून सुटा करतात आणि धुतात. जुन्या पद्धतीत याला पाणी बेसुमार लागतं आणि ते आंबट, घाण पाणी ओढ्यात सोडलं की खालचे मासे मरतात. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते बघितलेल्या माणसाला पाण्याचा पाट वाहताना बघवत नाही, म्हणून मी तिथंच जास्त वेळ उभा होतो. यांनी गर घासून काढायचं छोटं मशीन बसवलंय, धुण्याचं पाणी फिरवून फिरवून वापरतात, शेवटी खड्ड्यात चुना घालून ठेवतात, ओढ्याकडं थेंब जाऊ देत नाहीत. साल आणि गर शेणात मिसळून कंपोस्ट. बिया मग जाळीच्या मंचावर उन्हात, दिवसातून कितीदा तरी हलवायच्या, ओल 11 टक्क्यांच्या आसपास आली की पोती भरायची.

आता 550 चा हिशोब. सहा किलो लाल फळातून साधारण एक किलो कच्ची बी निघते, भाजताना तिचं वजन अजून 15-16 टक्के उतरतं. म्हणजे 250 ग्रॅमच्या पाकिटामागं जवळपास पावणेदोन किलो फळ आहे, एकेक हातानं निवडून तोडलेलं. त्यात खोड घासणं, सावली छाटणं, मंचावर वाळवणं, भाजणं, पिशवी. मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्याचा पाऊस वेळेवर नाही पडला तर स्प्रिंकलरचं डिझेल वर. एका कपाला 15 ग्रॅम धरले तर पाकिटात सोळा-सतरा कप होतात, कपाला 33 रुपये. शहरातल्या कॅफेत त्याच्या पाच-सहा पट घेतात आणि शेतकऱ्याला त्यातलं किती पोचतं ते आपल्याला माहीतच आहे. इथं पैसा सरळ बागेत जातो. चांगल्या कॉफीला स्पेशालिटी म्हणतात, म्हणजे चाखणाऱ्यांनी 100 पैकी 80 किंवा त्याच्या वर मार्क दिलेली कॉफी, यांच्या वॉश्डला 84 आलेत. चिक्कमगळूर अरेबिका आणि बाबाबुडनगिरी अरेबिका दोन्हीला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, जसं जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाडा केसरला आहे, पण केसरवाला म्हणून सांगतो, जीआयच्या शिक्क्यानं भाव आपोआप येत नाही, माल ज्याच्या हातात जातो त्यानं विचारलं तरच येतो.

तक्रारी पण लिहितो. पिशवीची झिप तकलादू आहे, दोनदा उघडली की बसत नाही, डब्यात काढून ठेवा. लेबल सगळं इंग्रजी आणि कानडीत. दळून मागवली तर जाडी प्रत्येक वेळी वेगळी येते. कुरिअरवाल्यानं एकदा पाकीट लातूरलाच ठेवलं आणि मेसेज टाकून दिला की पोचलं, मला जाऊन आणावं लागलं, यात इस्टेटचा दोष नाही पण उन्हाळ्यात पाकीट गाडीत तापतं हे लक्षात ठेवा.

आता बरेच जण विचारतील, मराठवाड्यात लावता येईल का. कारण रोपं घ्या, एकरी एवढे लाख, बायबॅक गॅरंटी (माल आम्हीच परत विकत घेऊ) असे फोन गावागावात यायला लागलेत. माझं स्पष्ट मत, अरेबिका लावू नका. तिला 15 ते 25 डिग्रीची हवा, हजार मीटरच्या वर उंची आणि 1600 मिलीमीटरच्या वर पाऊस लागतो, तो पण हंगामात वाटून पडणारा. आपला पाऊस साडेसहाशे ते आठशे, मे महिन्यात पारा 42-43, जमीन चुनखडीची, उंची बहुतेक ठिकाणी सहाशे-साडेसहाशे. गारव्यात फळ सावकाश आठ-नऊ महिने पिकतं म्हणून बी घट्ट आणि चव भरते, ते ठिबक टाकून किंवा शेडनेट मारून विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला कॉफी आहे, इंग्रजांच्या काळापासून आहे, पण तो मेळघाटचा डोंगर आहे, तिथला पाऊस आणि गारवा वेगळा. रोप विकणारा पैसे घेऊन जाईल आणि दोन उन्हाळ्यात झाडं वाळतील.

मी तिकडून आणलं ते एवढंच की केसरच्या ओळीत गवत कापून तिथंच आच्छादन टाकायला लागलो, आणि बांधावर परत उंबर, जांभूळ लावले. आंबा पण यंदा थोडा ओळखीनं थेट पेटीनं विकून बघणार आहे, भाव आणि तोडणीची तारीख पेटीवर लिहून.

ज्यांना मागवायचीय त्यांच्यासाठी: तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते, नवीन पिकाची भाजणी मार्च-एप्रिलपासून मिळते, तेव्हा घेतली तर सगळ्यात ताजी. दळलेली नको, बीन्सच सांगा आणि हातानं फिरवायचा ग्राइंडर घ्या, बाराशे-पंधराशेत बरा मिळतो, वर्षानुवर्षं चालतो. भाजल्यावर पहिला आठवडाभर बी शांत होऊ द्यावी, मग महिना-दीड महिन्यात संपवावी, फ्रीजमध्ये ठेवू नका, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. त्यामुळं स्वस्त पडतं म्हणून किलोभर मागवू नका, 250 चंच घ्या, संपत आलं की परत सांगा. वॉश्डला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या झिपचा कापला. नॅचरलला सध्या तीन, पुढच्या हंगामाचा लॉट आला की परत चाखून इथंच लिहितो.